उजेडाचा रकाना

या अंकासाठी ज्यांच्याकडून कामाचे अनुभव मागवले आहेत, त्यांत एक निवृत्त फौजदार आहेत, एक डॉक्टर आहेत आणि जन्मभर शिकवलेले एक मुख्याध्यापक आहेत. मी एम. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या कामाला पाच वर्षं झाली, आणि ते या दिवाळीनंतर संपणार आहे. मी संपादकांना म्हटलं, "माझं काम सांगण्यासारखं नाही. ती नोकरी नाही, धंदा नाही, दलाली तर नाहीच." ते म्हणाले, "मग काय आहे तेच लिहा." म्हणून लिहितो आहे. आमच्या घरात छापून येणारं काही लिहिणारा मी पहिलाच, तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

जळगाव स्टेशनासमोरच्या रस्त्याला एका छापखान्याच्या ओट्यावर एक टेबल आहे. त्या टेबलामागे नाना बसतात. नाना रेल्वेतून बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हे टेबल मांडलं. आम्ही तिकिटं विकत नाही. विकली तर पोलीस नेतील. आम्ही फक्त माणसाला कमी पैशांत कुठून कुठे कसं जाता येईल ते कागदावर आखून देतो, त्याचे अर्ज भरतो आणि खिडकी कोणती ते सांगतो. तिकीट त्याने स्वतः काढायचं. कागदाचे दहा रुपये. मार्ग पटला नाही तर कागद परत, दहा रुपयेही परत.

या टेबलापर्यंत मी पोहोचलो तो माझ्या पासामुळे. माझं घर पहूरला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात. कॉलेज जळगावला. पहूरहून जळगावला सरळ एसटीने यावं, हे कोणीही सांगेल. पण विद्यार्थ्याला रेल्वेचा महिन्याचा पास सवलतीत मिळतो, आणि तो एसटीच्या मानाने इतका स्वस्त होता की मी उलट दिशेने जळगावला यायला लागलो. म्हणजे आधी पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने पाचोऱ्याला जायचं, आणि तिथून मोठ्या गाडीने जळगावला. आमच्याकडे या छोट्या गाडीला नुसतं पीजे म्हणतात. पीजे रमतगमत जाते. पहिलं वर्षभर मी कॉलेजचा पहिला तास पाहिला नाही. त्या तासाला कोणता विषय होता तेही मला परीक्षेच्या वेळापत्रकातून कळलं.

दोन गाड्यांचे दोन पास काढण्याऐवजी पहूर ते जळगाव असा एकच पास मिळेल का, असं मी एकदा खिडकीवर विचारलं. आतले साहेब वैतागले. म्हणाले, "बाहेर ओट्यावर नाना बसलेत, त्यांचं डोकं खा." मी गेलो. नानांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एकच पास पाहिजे हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लांबचं तिकीट एकदम काढलं तर ते दोन तुकड्यांपेक्षा स्वस्त पडतं. मग पासाचंही तसंच असेल, असं वाटलं."

नानांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बस."

त्या खुर्चीवर मी पाच वर्षं बसलो. दुसऱ्या वर्षी मेहरूणला एका मित्राबरोबर खोली घेतली आणि पासाची गरज संपली. पण संध्याकाळी कॉलेज सुटलं की टेबलावर जायचं, हे सुटलं नाही. वडिलांना मी काय करतो ते नीट सांगता येत नसे. एकदा ते म्हणाले, "तू लोकांना फिरायला पाठवतोस. याचं शिक्षण कॉलेजात देतात का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग कॉलेजात काय देतात?"

कामाची थोडी माहिती द्यायला हवी. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं वाढतं खरं, पण दर किलोमीटरला कमी होत जातं. म्हणून जळगाव ते दिल्ली एक तिकीट आणि दिल्लीहून पुढे दुसरं तिकीट, यापेक्षा सबंध प्रवासाचं एकच तिकीट काढून मध्ये दिल्लीला उतरणं स्वस्त. त्याहून स्वस्त म्हणजे वर्तुळ तिकीट. एका रस्त्याने जायचं, दुसऱ्या रस्त्याने यायचं आणि जिथून निघालो तिथेच संपवायचं. वाटेत आठ ठिकाणी उतरता येतं. यासाठी सगळा मार्ग लिहून भुसावळच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो. जळगाव यासाठी फार सोयीचं आहे. इथून एक रूळ इटारसीकडून दिल्लीला जातो, दुसरा अमळनेर-नंदुरबारवरून सुरतेला. म्हणजे उत्तर हिंदुस्थान पाहायला इटारसीकडून जायचं आणि सुरतेकडून यायचं. नाना म्हणायचे, "आपलं गाव वर्तुळाच्या तोंडावर वसलंय, आणि लोक मात्र गेल्या वाटेनेच परत येतात."

दुसरी गोष्ट अशी की तिकीट वेगळं आणि आरक्षण वेगळं. तिकीट म्हणजे गाडीत चढायचा हक्क, आरक्षण म्हणजे बसायचा. पुढच्या गावांहून सुटणाऱ्या गाड्यांमधली जागा जळगावच्या खिडकीवर मिळत नसे. जळगावहून त्या गावाला तार जायची, तिथून जागा मिळाल्याची किंवा न मिळाल्याची तार यायची. कधी आठ दिवसांत, कधी महिन्याने, कधी माणूस प्रवास करून परत आल्यावर.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक भुसार व्यापारी होते. आठ ठिकाणी उतरता येतं म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आठही पाहिजेत." त्यांचं काम फक्त दिल्ली आणि मथुरा इथेच होतं. तरी ते इटारसीला चहासाठी उतरले, ग्वाल्हेरला पान खायला उतरले, दर ठिकाणी स्टेशन मास्तरकडून तिकिटावर रीतसर शेरा मारून घेतला. परत आले ते रागावूनच.

"सातच झाले. कोट्याला झोप लागली."

"मग?"

"मग काय? एक उतारा वाया गेला. पुढच्या तिकिटात धरून मिळेल का?"

नानांनी गंभीरपणे नियमांचं पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावर मी हसलो तर नाना म्हणाले, "हसू नको. ज्याने आयुष्यात काही फुकट घेतलं नाही, त्यालाच हक्काचं वाया गेलेलं टोचतं."

माझी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळी होऊन गेली होती. नाना महिनाभर मुलाकडे नाशिकला गेले होते आणि टेबल माझ्या एकट्यावर होतं. एका दुपारी खाकी पँट आणि पांढरा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ आले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. ओट्याची पायरी चढताना बाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला तो त्यांनी झटकला आणि मला अहिराणीत विचारलं,

"आठे रेल्वेना सल्ला भेटस का?"

हे सुपडूआबा. धुळ्याच्या देवपुरात राहणारे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बाई म्हणजे लीलाअक्का. खिशात एसटीचा पास असलेला माणूस रेल्वेचा सल्ला घ्यायला जळगावला एसटीने आला होता, आणि त्याची त्यांना थोडी लाज वाटत होती. दोघांना सिमल्याला जायचं होतं.

"सिमल्याला काय पाहायचंय?" मी विचारलं. मार्ग आखताना हे विचारावंच लागतं.

"सिमला नही. डोंगरनी गाडी." आबा म्हणाले. "माले खिडकी पाहिजे. दरीकडनी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कागदाच्या मागे लिहून ठेवलं होतं. "तीस वरीस एसटी चालाडी. कन्नडना घाट, सापुतारा, सगळा घाट चढनू-उतरनू. पन दरी कधी देखी नही. रस्ता देखू का दरी देखू? मांगे पन्नास मानसं बशेल ऱ्हातस. प्रवासी म्हनेत, काय देखावा शे! मी म्हनू, बरं, तुमी देखा."

"मग इथल्याच घाटात एसटीने जा ना, प्रवासी म्हणून. पास आहे."

"तेबी करी देखं," लीलाअक्का म्हणाल्या. "ड्रायव्हरना मांगे बसनात आनि त्याले शिकाडत बसनात. गेर टाक, गेर टाक. त्या पोऱ्याने शेवटी गाडी थांबाडी आनि म्हने, आबा, तुमीच या पुढे."

आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "रूळवर काय शिकाडसू? तठे स्टेअरिंगच नही."

मग अक्कांनी खरं कारण सांगितलं. आबांना काचबिंदू होता. नजर कडेकडून आत आत मिटत चालली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही. औषधाने जे उरलंय ते काही दिवस टिकेल. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळ झाली, उजेड कमी झाला की आबांना तसंही फारसं दिसत नव्हतं. "डोया जाई ऱ्हायनात," आबा म्हणाले. कोणती गाडी फलाटावरून निघाली, हे सांगावं तितक्या साधेपणाने.

मी अतिशय मन लावून मार्ग आखला. जळगाव, इटारसी, दिल्ली, कालका, सिमला. परत दिल्ली, मथुरा, रतलाम, सुरत, जळगाव. दोघांच्या सुट्ट्या सुट्ट्या तिकिटांपेक्षा बराच कमी खर्च. शिवाय मी एक मुक्कामही वाचवला. दिल्लीहून रात्रभराची गाडी धरली की ती भल्या पहाटे कालक्याला पोहोचते, आणि तिथून लगेच छोटी गाडी डोंगर चढायला निघते. म्हणजे कालक्याला थांबायला नको, खोलीचं भाडं नको. ही सांगड बसली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ती मित्राला मेहरूणच्या खोलीवर समजावून सांगितली. तो झोपला.

कालक्याला तार गेली आणि सहाव्या दिवशी उत्तर आलं. पहाटेच्या गाडीत दोन जागा, दोन्ही खिडकीच्या. सहाव्या दिवशी! आमच्या टेबलावर इतकं लवकर उत्तर कधी आलं नव्हतं. मी देवपूरला पत्र टाकून कळवलं.

नाना नाशिकहून आले तेव्हा आबांच्या प्रवासाला बारा दिवस राहिले होते. मी तो कागद सगळ्यांत वर ठेवला होता. नानांनी तो वाचला. मागची बाजूही वाचली. मग विचारलं, "ही छोटी गाडी कालक्याहून किती वाजता निघते?"

"चारच्या सुमाराला."

"आणि डिसेंबरात उजाडतं किती वाजता?"

मला आधी प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा मी टेबलावरचं वेळापत्रक उघडलं, जणू त्यात ते लिहिलेलं असेल. उजाडायला सात. गाडीचा प्रवास पाच तासांचा. म्हणजे पाचांतले तीन तास आबा काळोखाकडे तोंड करून बसणार होते. मी त्यांना दरीकडची खिडकी मिळवून दिली होती, आणि खिडकीबाहेर दरीच ठेवली नव्हती.

"म्हणून तर सहा दिवसांत जागा मिळाली," नाना म्हणाले. "त्या वेळेला खिडकी मागतो कोण?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दिवसा, उशिरा निघणारी गाडी होती. तिच्यात सगळ्या देशाचे हौशी प्रवासी असतात, आणि तिची जागा महिना-महिना आधी संपते. तार करायची तर पहाटेच्या जागा आधी सोडाव्या लागणार होत्या. एकाच तिकिटावर दोन गाड्यांची आरक्षणं ठेवता येत नाहीत. आणि बारा दिवसांत उत्तर येईलच असं नव्हतं. हातातली काळोखातली जागा ठेवायची, की ती सोडून उजेडातल्या जागेची आशा धरायची, एवढाच प्रश्न होता. तो माझा नव्हता, आबांचा होता.

"पत्र टाकू?" मी विचारलं.

"पत्रात चूक लिहायला सोपी असते," नाना म्हणाले. "तू जा."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी धुळ्याला गेलो. पांझरेच्या पुलावरून देवपुरात जाताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. आबांचं घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर विनाअपघात सेवेबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्रक चौकटीत लावलेलं होतं. मी बसलोही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू बशेल शे का डोंगरनी गाडीमा?"

"नाही."

"मंग कोनती गाडीमा बशेल शे?"

"पीजेमध्ये. आणि भुसावळपर्यंत."

"पीजेमा?" आबा इतक्या मोठ्याने हसले की अक्का आतून बाहेर आल्या. "ती तं बैलगाडीले बी वाट देस! भुसावळ देखेल पोऱ्या आपले सिमला दाखाडी ऱ्हायना!"

माझे कान तापले. मी भुसावळच्या पुढे कधी गेलो नाही, हे खरं होतं. अजूनही गेलो नाही. शेकडो माणसांना मी पुरी, रामेश्वर, हरिद्वारला कमी पैशांत पाठवलं आहे, पण मी पाठवलेल्यांपैकी कोणी मला हे कधी विचारलं नव्हतं.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ती सीट सोडी आनि दुसरी नही भेटनी तं?"

"तर उभं राहून जावं लागेल," मी म्हणालो. "पाच तास. थंडीत. आणि खिडकी नाही." हे मला सांगायलाच हवं होतं.

"उभा ऱ्हासू," आबा म्हणाले. "मना कंडक्टर तीस वरीस उभाच व्हता."

"तुमना कंडक्टर चोवीस वरीसना व्हता," अक्का म्हणाल्या. "आनि तुमी पायरी दिसत नही म्हनीसन काल पडनात."

अक्कांनी प्रशस्तिपत्रकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोड ती सीट. अंधार देखाले एवढं लांब कसाले जानं?"

मी निघू लागलो तर आबांनी हात धरला. "चूक सांगाले एवढा लांब उना ना? आते चहा पी."

अक्का म्हणाल्या, "ह्यास्ले नुसतं चहा म्हनता येत नही. घरमा बी हॉर्न देवानी सवय शे." खरोखरच आबांनी पेला दोनदा वाजवला.

त्याच संध्याकाळी जळगावला परत येऊन आम्ही पहाटेच्या जागा सोडल्या आणि दुसरी तार केली. नानांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी कालक्याच्या स्टेशन मास्तरांना पत्र लिहिलं. मी ते टाकायला नेलं तेव्हा वाचलं. त्यात विनवणी नव्हती. मी अमुक इतकी वर्षं बुकिंगला काम केलं, हे प्रवासी डोळ्यांनी अधू होत चालले आहेत, एखादी जागा शेवटच्या क्षणी रिकामी झाली तर त्यांना कळवावं, एवढंच. खाली सही, आणि सहीखाली कंस करून निवृत्त.

प्रवासाचा दिवस आला तरी उत्तर आलं नाही. ती दोघं जळगावला गाडीत बसली तेव्हा मी फलाटावर गेलो. खिडकीतून आबा म्हणाले, "तोंड काय पाडं शे? गाडी चालू होवाना आधी ड्रायव्हरने तोंड पाडानं नही ऱ्हास." गाडी हलल्यावर मला आठवलं की उत्तर आलं तर कळवायचं कुठे, हेही मी त्यांना विचारलं नव्हतं.

नऊ दिवसांनी सिमल्याहून कार्ड आलं. अक्कांचं अक्षर होतं. शाळा चौथीपर्यंतच झालेली असली तरी अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. "सीट मिळाली नाही. हे उभे राहून आले. थंडी फार आहे. बाकी येऊन सांगू." मी ते कार्ड नानांना दाखवलं आणि वहीत ठेवलं. त्या आठवड्यात मी तीन कागद आखले, आणि तिन्ही नानांनी तपासले. पूर्वी ते माझे कागद तपासत नसत.

जानेवारीत ती दोघं आली. मी खुर्च्या पुढे केल्या. आबा बसले. पायरी चढताना या वेळी त्यांनी अक्कांचा हात झटकला नाही, हे माझ्या लक्षात आलं. काय झालं ते अक्कांनीच सांगितलं.

गाडीत जागा नव्हती. अक्कांना एका पंजाबी बाईंनी शेजारी सरकून बसवून घेतलं. आबा मधल्या वाटेत दांडा धरून उभे. उंच असल्यामुळे त्यांना वाकून खिडकीतून बघावं लागत होतं, आणि खिडकीशी बसलेल्यांची डोकी मध्ये येत होती. दर वळणाला ते उजवा पाय दाबत होते. "ब्रेक मारी ऱ्हायनंतात," अक्का म्हणाल्या. "पायखाले एक मानूसना जोडा. तो बिचारा कितला वेळ सोसी?"

शेवटी त्या माणसाने पाय का दाबता म्हणून विचारलं. अक्कांनी आपल्या हिंदीत उत्तर दिलं, "भाईसाब, गलती माफ करो. ये ड्रायवर है. इन्होंने घाट कभी देखाच नहीं."

तो माणूस ताडकन उठला. म्हणाला, "ये ड्रायवर हैं, तो गाडी कौन चला रहा है?"

सगळा डबा हसला. समजावून सांगेपर्यंत तो माणूस उभाच होता, आणि समजल्यावर पुन्हा बसला नाही. त्याने आबांना खांद्याला धरून खिडकीशी बसवलं. पाचांतले अडीच तास आबा खिडकीत होते. दुपारचं ऊन होतं. आभाळ स्वच्छ होतं.

"मग दरी कशी होती?" मी विचारलं.

आबांनी हाताने वरून खाली माप दाखवलं.

"खोल व्हती," ते म्हणाले.

नानांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी घाबरनू. खरं सांगस. खाले देखं आनि हातपाय गार व्हयनात. मंग मन्ह्या मनमा उनं, असी दरीना कडेकडे मी तीस वरीस मानसं लई गऊ?" त्यांनी टेबलावर हात ठेवला. "बरं व्हयनं तवय देखी नही. देखी ऱ्हाती तं गाडी चालाडता नही येती."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुना कागदना किती व्हयनात?" पैसे त्यांनी आधीच दिले होते; उलट मीच ते दहा रुपये परत देऊ केले. आमचा तसा नियमच होता. मार्ग चुकला होता. आबांनी ते घेतले नाहीत. नानांनी माझ्याकडे पाहून नको अशी मान हलवली, म्हणून मी आग्रह केला नाही.

त्यानंतर आमच्या कागदावर एक रकाना वाढला. स्टेशन, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, वर्ग, आरक्षण आणि शेवटी उजेड. त्यात तीनच शब्द लिहायचे: पूर्ण, अर्धा किंवा नाही. पट्टीने तो रकाना पहिल्यांदा आखला तेव्हा नाना म्हणाले, "नोकरीत इतकी वर्षं गेली, रेल्वेला हे कधी सुचलं नाही." पुढच्या खेपेला छापखान्यातून कागद छापून घेतले, त्यांत तो रकाना छापूनच आला. काही गिऱ्हाइकं विचारतात, हे काय. बहुतेक विचारत नाहीत.

आता स्टेशनावर कॉम्प्युटर येतो आहे. खिडकीवरच दिल्लीची, कालक्याची जागा दिसेल, तारा पाठवायला नकोत, उत्तराची वाट बघायला नको. हे चांगलंच आहे. आबांच्या वेळी ते असतं तर मला धुळ्याला जावं लागलं नसतं. नाना दिवाळीनंतर टेबल आवरणार आहेत. नव्या छापील तिकिटाचा नमुना त्यांनी मला आणून दाखवला. डबा, आसन, वय, सगळं त्यात आहे. मी शेवटपर्यंत वाचून पाहिलं आणि परत दिलं. नाना म्हणाले, "आपला रकाना नाही ना? मीही आधी तोच शोधला."

गेल्या महिन्यात आबा आणि अक्का पुन्हा आले. आता आबांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. अक्का पुढे आणि आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे, असे ते ओटा चढले. टेबल बंद होणार हे कोणी तरी त्यांना सांगितलं होतं.

"पुन्हा सिमला," आबा म्हणाले. "त्या वेळले हिले खिडकी भेटनी नही. अडीच तास मीच बशेल व्हतू. आते हिले बसाड."

"माले काय कराना डोंगर," अक्का म्हणाल्या. "ह्यास्नं काहीतरीच."

"ही देखी आनि सांगी," आबा म्हणाले, "मी आयकसू. पन नीट सांगजो. नुसतं झाड शे, डोंगर शे, असं नही चालाव."

मी नवा कागद घेतला. प्रवासाला अजून अडीच महिने होते, त्यामुळे या खेपेला दिवसाची गाडी मिळायला हरकत नव्हती. स्टेशनं लिहिली, वेळा लिहिल्या, दोघांचा वर्ग लिहिला. शेवटच्या रकान्याशी माझा हात थांबला. आबांसमोर तो शब्द मोठ्याने वाचावा की न वाचावा, मला कळेना. पेन थांबलेलं त्यांना दिसलं नसेल, पण कागदावरचा आवाज थांबलेला त्यांना ऐकू आला.

"काय ऱ्हायनं?" त्यांनी विचारलं.

"उजेडाचा रकाना, आबा."

"मंग लिख ना."

मी "पूर्ण" असं लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, आणि कागद अक्कांच्या हातात दिला.